हळदीच्या धवल्यातील नाव

आमच्या साहित्य मंडळाचे अधिकृत निवेदन असे आहे:

“‘खारवटीचे धवले’ या संग्रहातील सर्व गीते अनामिक लोकपरंपरेतून आलेली असून त्यांची कोणीही एक कर्ती नाही. सोबतच्या ध्वनिफितीतील वृद्ध गायिका, संपादकांच्या माहितीनुसार, आता हयात नाही. हळदीच्या धवल्यातील ‘नमिता, वामनाची लेक’ हे पारंपरिक वधूचे प्रतीकनाम आहे. सबब दुसऱ्या आवृत्तीत कोणताही बदल करण्याचे कारण मंडळाला दिसत नाही.”

तीन विधाने आणि एक ‘सबब’.

पहिल्या विधानावर वाद संभवत नाही, कारण ते कोणी नाकारलेलेच नव्हते. मंडळाच्या द्वैमासिकात ‘नवी पुस्तके’ या सदरात मी जे परीक्षण लिहिले, त्यात गीते कोणी रचली असा प्रश्न नव्हता. गायली कोणी, एवढाच होता. न विचारलेल्या प्रश्नाला ठाम उत्तर द्यायचे आणि विचारलेला प्रश्न त्या उत्तराखाली झाकायचा, ही रीत आपल्या साहित्यसंस्थांनी सरकारी कचेऱ्यांकडून उचलली, की कचेऱ्यांनी संस्थांकडून, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

दुसरे विधान तपासणे त्याहून सोपे. मंडळानेच छापलेल्या या पुस्तकाची प्रस्तावना जानेवारी १९९५ची आहे, आणि गायिका ‘कालवश’ झाल्याचे तीत नमूद आहे. मे १९९६च्या पहिल्या रविवारी त्याच गायिकेने बोनकोड्यातील आपल्या घरी मला चहा दिला. साखर अंमळ जास्त होती. अधिकृत मृत्यूला सोळा महिने उलटलेल्या बाईच्या हातून एवढी चूक क्षम्य मानली पाहिजे.

तिसऱ्या विधानामागे विद्वत्ता आहे, म्हणून ते जास्त भयंकर. संपादक डॉ. बाबासो इंगवले यांनी पुस्तकाला जोडलेल्या निबंधात ‘वामनाची लेक’ म्हणजे विष्णूच्या पाचव्या अवताराची मानसकन्या असे सिद्ध केले आहे, आणि नमिता म्हणजे त्या अवतारापुढे नमलेली भूमी. निबंधाला अकरा तळटिपा आहेत. मात्र बोनकोड्यात वामन नावाचा कोणी माणूस राहतो काय, आणि त्याला कधी मुलगी होती काय, ही चौकशी त्यांपैकी एकाही तळटिपेत नाही. हे अज्ञान आहे असे मी तेव्हा समजत होते. अज्ञानाविषयी मला आजही थोडा आदर आहे.

परीक्षणासाठी पुस्तक हाती आले तेव्हा त्याच्या मलपृष्ठाला कॅसेटही चिकटवलेली होती. धवला म्हणजे खाडीकाठच्या गावांतले लग्नगीत, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजीच्या आधी आणि भटजीच्या नंतर मांडव तिचा असतो. छापील पाने वाचून मी संहितेबद्दल जे म्हणायचे ते म्हणू शकले असते. कॅसेट लावण्याचे खरे तर कारण नव्हते. लावली. पहिले गीत संपले आणि दुसऱ्याला, हळदीच्या धवल्याला, सुरुवात झाली. म्हाताऱ्या, कोरड्या, किंचित फाटलेल्या आवाजात एक बाई एका मुलीला हाक मारीत होती: ये, पाटावर बैस, हात पुढे कर, हळद ओली आहे तोवर ये. आवाजाखाली मागाहून बसवलेला की-बोर्ड होता, आणि की-बोर्डाच्याही खाली, तिसऱ्या कडव्यापाशी, कुकरची शिट्टी. ध्वनिमुद्रण ‘प्रत्यक्ष विवाहमंडपात’ झाले असे प्रस्तावना सांगते. विवाहमंडपात कुकर लागत नाही. पण शिट्टीपेक्षा मला त्या हाकेने अस्वस्थ केले. धवलारीण नवरीला हाक मारते तेव्हा नवरी समोर बसलेली असते. ती हाक जवळची असते. ही फार लांबवर मारलेली होती, आणि तिकडून उत्तर येणार नाही हे मारणारीला ठाऊक होते.

कॅसेट मी धनेश मढवीला ऐकवली. धनेश तळवलीचा. वडिलांची भातशेती शहराखाली गेल्यावर त्याने मंडप, खुर्च्या आणि साउंडचा व्यवसाय काढला. आमच्या मंडळाचा माईकही त्याचाच असतो, आणि त्या माईकवर काय बोलले जाते हे तो वर्षानुवर्षे सोसत आला आहे.

“मॅडम, ही तर गोजरामावशी,” तो म्हणाला. “बोनकोड्याची. आता गात नाय ती. पण गरज काय? हीच कॅसेट लावतो आमी. सानपाड्यापासून तळवलीपर्यंत, एक हळद सुटत नाय बघा हिच्यातून.”

“संपादक म्हणतात, त्या वारल्या.”

“कोन, मावशी?” धनेश हसला. “मग परवा बाजारात बोंबलाच्या वाट्यावरून माझी लाज काढली, ती कोन? तिचं भूत? भूत एवढी घासाघीस नाय करत, मॅडम.”

बोनकोड्यात चौमजली इमारतींच्या मधोमध एक कौलारू घर अजून शिल्लक होते. गोजराबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. आत खाटेवर त्यांचे यजमान वामन भोपी भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी नाव सांगितले, काम सांगितले. त्यांनी मला नखशिखांत पाहिले.

“मुसलमानाची तू?”

“हो. उरणकडची.”

“आनि धवले शिकवतं कालेजात?”

“शिकवत नाही. वाचते.”

“वाचून काय व्हतंय,” त्या म्हणाल्या. पण उठून चहा ठेवला.

कॅसेटविषयी विचारले तेव्हा त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. हो, आवाज आपला. सात वर्षांपूर्वी कोल्हापूरकडचा एक मास्तर, म्हणजे डॉ. इंगवलेच, मशीन घेऊन आला होता, सभ्य होता, येताना केळी घेऊन आला होता. तीन दुपारी म्हणून दाखवले. पुस्तक निघाले हे कोणी कळवले नाही. आपण मेलो हेही कोणी कळवले नाही. “कलवायला पायजे व्हता,” त्या म्हणाल्या. “दिवस तरी घातले असते.”

एवढ्यात कुठल्याशा मांडवातला लाउडस्पीकर खरखरला. ऊन नुकते उतरले होते, हळदीची वेळ. पहिले गीत संपले. दुसरे सुरू झाले, तशी गोजराबाईंनी सुपावरचे हात काढून घेतले आणि पदराखाली लपवले. त्यांचाच आवाज इमारतींच्या भिंतींवर आपटून तीन-तीनदा परत येत होता. नमिता, वामनाची लेक. वामनाची लेक. लेक.

आत खाट करकरली.

वामनराव उठून बसले होते. भिंतीला धरत उभे राहिले. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी ती दोन्ही हातांनी नीट घातली, सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि बाहेर येऊन दाराच्या उजव्या अंगाला उभे राहिले. पाहुण्यांचे स्वागत करणारा मुलीचा बाप जसा उभा राहतो, तसे. हात जोडलेले, चेहऱ्यावर एक लाजरे, थकलेले हसू. मला पाहून त्यांनी मान लववली.

“या. आत या. बायका आत हायत,” ते मला म्हणाले.

“बसा जरा,” गोजराबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “आज आपल्याकडं काय नाय.”

“नाव घेतला ना तिचा?”

“घेतला. पन आपल्याकडं नाय.”

ते बसले नाहीत. गीत संपेपर्यंत उभे होते. संपल्यावर वाट पाहत राहिले. मग टोपी काढली, आणि ती कुठे ठेवायची हे न सुचल्यासारखी हातातच धरून आत गेले.

नमिता त्यांची मुलगी. साखरपुडा झालेला, तारीख ठरलेली. १९८६च्या मार्चमध्ये काविळीने गेली. वय एकोणीस. हे सगळे गोजराबाईंनी चार वाक्यांत सांगितले. त्यानंतर जे सांगितले, ते मी त्याआधी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते.

“हलदीचा धवला नुसता म्हनता येत नाय, बाय. त्यात नाव लागतं. ज्ये पोरीचा नाव घेतलास, तिला हलद लागली. मांडव नाय, नवरा नाय, आनि नाव घेतलास जित्ये पोरीचा, तर ती मधीच ऱ्हायली. हिकरची नाय, तिकरची नाय. मंग आमी शिकतो कशा, शिकवतो कशा? तर मेलेल्ये पोरीचा नाव घेतो. बिनलग्नाची मेलेली. तिचा आता काय वाईट व्हयाचा? माजे गुरुनीनं तिचे भैनीचा नाव दिलता. त्याच नावावर शिकली मी. मंग माजीच गेली. तवापून मांडवाभायेर मी तिचाच घेतो.”

“मास्तरांनी म्हणायला सांगितलं, तेव्हा मांडव नव्हता.”

“माजे चुलीसमोर बसून म्हनलाय. मांडव खंयचा?”

मग मला सगळे उलगडले, आणि ते उलगडण्याचा वेग मला आवडला नाही. मांडवात उभी असलेली धवलारीण समोरच्या नवरीचे नाव घालते. कॅसेट घालू शकत नाही. कॅसेटला एकच नाव ठाऊक आहे. दीड वर्ष खाडीकाठच्या प्रत्येक मांडवात जिवंत मुलगी पाटावर बसत होती, आणि हळद नमिताला लागत होती.

“दर लग्नात उभी करतात तिला,” गोजराबाई म्हणाल्या. “दमली असंल पोर माजी.” थोड्या वेळाने, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी पुढचे सांगितले. मागच्या पंधरवड्यात वामनराव आवाजाच्या मागावर चालत थेट सानपाड्याला पोचले होते. परक्या मांडवात शिरून, वाटीतली हळद बोटाला घेऊन नवरीपाशी जाऊन उभे राहिले. तिच्या भावांनी दारुडा समजून ढकलले. कोपर सोललेले होते ते अजून भरले नव्हते.

मी म्हणाले, हे लिहिते. पुढच्याच अंकात लिहिते. त्यांनी माझे मनगट धरले. सुकटीचा वास आणि विलक्षण ताकद.

“कारन लिहू नको. त्या पोरी नांदतात. कोनाला पोर नसंल झाला, कोनाचा नवरा पीत असंल. उद्या कललं, का यांचे हलदीला मेलेलीचा नाव घेतला, तर बोल कोनावर येल? गोजरेनं करनी केली. पोटची मेली, म्हनून दुसऱ्यांच्या पोरींवर सोडली. माजा घर ठेवतील?”

“पण तुम्ही मास्तरांना सांगितलं नव्हतं?”

“सांगितला ना! मशीन चालू व्हती, तवाच सांगितला. का ह्यो नाव मेलेलीचा हाय, लग्नात काढा. दोनदा सांगितला. पन त्यो बोल कॅशेटीत ऱ्हायलाय कुठं? मी मेलेली, आनि त्यो शिकलेला. माजा कोन ऐकंल?” मनगट सोडताना त्या म्हणाल्या, “त्येच्या तोंडून येव दे. मंगच.”

म्हणून माझ्या परीक्षणात फक्त दोन मागण्या होत्या: गायिकेचे नाव छापावे, आणि दुसऱ्या आवृत्तीतून व कॅसेटमधून हळदीचा धवला वगळावा. कारण दिले नाही. कारण न देता मागणी करणाऱ्या समीक्षकाविषयी मी स्वतः पूर्वी पुष्कळ तुच्छतेने लिहिले आहे. ते सारे मला त्या पावसाळ्यात वाचून दाखवण्यात आले. डॉ. इंगवले यांना मी खाजगी पत्रे लिहिली, दोन. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला एक पोस्टकार्ड: “आपल्यात धवले नसतात. त्यामुळे या गीतांचे मर्म आपणांस बाहेरून उमगणे अवघड. गैरसमज नसावा.” सप्टेंबरमध्ये ते निवेदन आले. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार होते, आणि दुसऱ्या आवृत्तीसोबत नव्या कॅसेटी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, वाशीच्या एका शाळेच्या वर्गात मंडळाची सभा झाली. विषय एकच: दुसऱ्या आवृत्तीस मंजुरी. अध्यक्ष सिताराम ठाकूर, निवृत्त मुख्याध्यापक, इतिवृत्ताच्या बाबतीत कडक. बोललेला शब्द न् शब्द उतरवला पाहिजे हा त्यांचा नियम. त्या दिवशी कार्यवाह आजारी होते. इतिवृत्त लिहिण्याचे काम अध्यक्षांनी माझ्यावर सोपवले. लिहीत असलेला माणूस कमी बोलतो, असा त्यांचा अनुभव असावा.

गोजराबाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. धनेश माईकची वायर ओढत होता. त्याने मान झुकवून “काय मावशी” केले.

“या बाई कोण?” अध्यक्षांनी मला विचारले.

“मंडळाच्या निवेदनानुसार कोणी नाहीत,” मी म्हणाले.

डॉ. इंगवले यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते. मेलेले माणूस अचानक समोर दिसले तर चेहऱ्यावर आश्चर्य येते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. ही बाई कधीतरी समोर येऊन बसेल हा सात वर्षांचा अंदाज चुकला नाही, असे काहीसे होते.

ते बोलायला उभे राहिले. उत्तम बोलले. लोकगीत व्यक्तीचे नसते, समूहाचे असते. गायिका म्हणजे केवळ वाहक. पाण्याला पाटाचे नाव द्यायचे नसते. टाळ्या पडल्या. गायिकेच्या हयातीसंबंधी ‘माहितीत तफावत’ असल्यास खेद. हळदीच्या धवल्याबाबत मात्र तडजोड नाही; तो संग्रहाचा प्राण आहे, आणि तो वगळावा असे म्हणणाऱ्यांनी एकही कारण दिलेले नाही.

“कारण द्या, नफिसाबाई,” अध्यक्ष म्हणाले.

मी शेवटच्या बाकाकडे पाहिले. गोजराबाईंनी मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कोणाला दिसली नसती.

“कारण संपादकांना ठाऊक आहे,” मी म्हणाले. “त्यांनी द्यावे.”

हशा झाला. कोणीतरी म्हणाले, ही नवी समीक्षा. डॉ. इंगवले स्वतःही हसले, आणि म्हणाले, “अहो, या धवल्याशिवाय आज इकडे हळद लागत नाही. लोकांनीच निवाडा दिलाय. या धनेशला विचारा.”

ही त्यांची चूक. आयुष्यभर श्रोत्यांना साक्षीला बोलावणाऱ्या वक्त्याची चूक. श्रोता बोलू शकतो हे तो विसरलेला असतो.

“बरोबर हाय सरांचं,” धनेश माईकच्या दांड्याला टेकून म्हणाला. “एक हळद सोडली, तर सगळीकडं वाजलंय.”

“कोणती सोडली?” मी विचारले.

“सरांचीच की!” धनेशला ती गंमत वाटत होती. “मे महिन्यात यांच्या मुलीची, मीनाची हळद, साउंड माझाच. पयलं गाणं झालं, दुसरं लागायला आणि सर धावत आले, सोवळ्यात, हाताला हळद तशीच, आणि दाबलं फॉरवर्ड. बटन पिवळं झालं माझं, अजून तसंच हाय. मी म्हटलं, सर, काय टेन्शन? हळदीचं तर हेच हाय! तर बोलले, डोकं दुखतंय. आणि तिसऱ्या गाण्याला गेलं डोकं उतरून.”

धनेशचे हसू एकट्याचेच वर्गात थोडा वेळ राहिले, मग त्यालाही ते नकोसे झाले. त्याने डॉ. इंगवल्यांकडे पाहिले, मग गोजरामावशीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. त्याला काही कळलेले नव्हते. पण ज्या घरांतून हळदीतल्या नावाचा हा धाक जपला गेला आहे त्याच घरांतला तो होता, आणि न कळताही त्याचा चेहरा उतरत गेला.

“सर,” तो म्हणाला, आणि आता आवाज वेगळा होता. “माझ्या धाकटीच्या हळदीला तेच गाणं होतं. तुमी पाहुणे म्हणून समोर बसलेले. तेव्हा नाय तुमचं डोकं दुखलं. माझ्या बहिणीच्या हळदीला कोनाचं नाव घेतलं आमी?”

डॉ. इंगवले अजून उभेच होते. खाली बसावे की नाही याचा ते विचार करीत आहेत असे वाटले. माझा पेन कागदावर होता. इतिवृत्ताच्या नियमाप्रमाणे, त्यानंतर ते जे बोलले ते शब्दशः असे:

“धनेश, तुझ्या बहिणीच्या हळदीला नमिता वामन भोपी हिचे नाव घेतले गेले. ती १९८६ साली वारली. तिचे लग्न झालेले नव्हते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. गोजराबाईंनी टेप चालू असतानाच सांगितले होते की हे मेलेल्या मुलीचे नाव आहे, लग्नात म्हणाल तेव्हा काढा आणि नवरीचे घाला. दोनदा सांगितले. तेवढा भाग मी कापला. नाव ठेवले, कारण ते काढले की गाणे तिथे तुटत होते, आणि तसा आवाज मला पुन्हा मिळाला नसता. त्या जिवंत आहेत हेही माहीत होते. हयात नाहीत असे लिहिले, म्हणजे कोणी विचारायला जाणार नाही. यात गोजराबाईंचा काही दोष नाही, हे लिहून घ्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मीनाच्या वेळी माझा हात बटणावर गेला, तो का गेला हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्यांच्या मुलींच्या वेळी तो गेला नाही, एवढे मात्र खरे आहे.”